पिशव्या कुठं ठेवायच्या?

ट्रस्टींचा फोन आला तेव्हा काम रंगाचं होतं. ‘बायकांचा वॉर्ड फार उदास दिसतो हो, जरा प्रसन्न करून द्या. चित्रंबित्रं काढा भिंतीवर.’ मिरजेपासून तासाभरावर, कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या गावातला हा धर्मादाय दवाखाना. नाव सांगत नाही, कारण पुढं थोडी तक्रारही येणार आहे.

मी सांगलीत वीस वर्षं आर्किटेक्ट म्हणून काम करते. बंगले, अपार्टमेंट, दोन शाळा, एक मंगल कार्यालय. दवाखाना एकही नाही. शेजारचं मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली तिथं रुग्णालय उघडलं. विजापूर, अथणी, चिकोडीकडची माणसं आजही उपचाराला मिरजेचाच रस्ता धरतात. अशा भागात राहून आपल्या नावावर एक दवाखाना असू नये याची मला जरा लाजच वाटायची. मी लगेच हो म्हटलं.

वॉर्ड पहिल्या मजल्यावर. २४ खाटा, दोन्ही लांब भिंतींना बारा-बारा, मधून वाट, खाटांच्या डोक्याशी उंच खिडक्या. याला नाइटिंगेल वॉर्ड म्हणतात. फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंनी एकोणिसाव्या शतकात उजेड आणि वारा खेळता राहावा म्हणून अशा मांडणीचा आग्रह धरला होता. आमच्या वॉर्डात मांडणी होती, वाराही बरा होता, उजेडाचं मात्र काहीतरी बिनसलं होतं. काय ते पहिल्या भेटीत कळलं नाही. तेव्हा मी भिंती मोजल्या, फोटो काढले आणि परत आले.

तीन आठवड्यांनी ट्रस्टींसमोर थ्रीडी व्ह्यू ठेवले. फिकट हिरव्या भिंती, एका बाजूला कृष्णाकाठचं मोठं चित्र, पीओपीचं सीलिंग, त्यात लपवलेले दिवे, कोपऱ्यात अरेका पामच्या कुंड्या. सगळे खूश. कुणीतरी ‘अगदी हॉटेलसारखं’ म्हणालं आणि मला ते कौतुक वाटलं. शेवटी ट्रस्टींनी इन्चार्ज सिस्टरना विचारलं, ‘काय सिस्टर, आवडलं ना?’ सिस्टर त्या चित्रात बराच वेळ काहीतरी शोधत होत्या. म्हणाल्या, ‘छान आहे मॅडम. यात पिशव्या कुठं ठेवायच्या?’

मी म्हटलं, लॉकर आहे ना. ‘लॉकर पेशंटचा. औषधं, एक्सरे, फळं. मी पिशव्यांचं म्हणतेय.’ मग त्यांनी मला चहाला नेलं आणि सरळच सांगितलं, ‘तुम्ही एक रात्र राहून बघा. दिवसा नका येऊ. रात्री या.’

बायकांचा वॉर्ड असल्यामुळं रात्री फक्त बायकाच सोबत राहू शकतात. त्या हिशेबात मी बसत होते. अकरा नंबरच्या आजींची सून दोन दिवस घरी गेली होती. आजींना विचारून, डॉक्टरांना सांगून मी त्यांच्याजवळ थांबले. आजी खुब्याचं हाड मोडून आलेल्या, कन्नड बोलणाऱ्या, मराठी समजणाऱ्या. माझ्याकडं चटई, चादर, पाण्याची बाटली आणि एक पिशवी होती.

पहिला प्रश्न तोच आला. पिशवी खाटेखाली सारली. नऊ वाजता मावशी फिनेलचा पोछा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘बॅगा उचला.’ अख्ख्या वॉर्डातल्या पिशव्या, डबे, थर्मास, चपला खाटांवर चढल्या, म्हणजे पेशंटच्या पायांवर. पोछा वाळेपर्यंत तिथंच राहिल्या. सकाळी साडेपाचला परत, दुपारी परत. तीन वेळा पुसणं हवंच, त्यात मावशींचा काही दोष नाही. पण हे चोवीस संसार दिवसातून तीनदा उचलले जातात हे माझ्या थ्रीडीत कुठंच नव्हतं. त्यात एकही पिशवी नव्हती. एकही माणूस नव्हता, खरं तर.

दुसरी गोष्ट झोपण्याची. दोन खाटांमध्ये साडेतीन फूट. त्यात दोन पेशंटच्या दोन बायका, एक इकडं डोकं करून, एक तिकडं. माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर शेजारच्या बाईंची लघवीची पिशवी लटकत होती. सिस्टर सलाईन बघायला आल्या की त्यांना आमच्यावरून पाय टाकावा लागे. त्याही संकोचत, आम्हीही.

आणि सलाईन. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सोबतची बाई रात्रभर झोपत नाही, कारण ती बाटलीकडं बघत असते. संपली आणि कळलं नाही तर नळीत रक्त चढतं, त्याची धास्ती. घंटी नव्हतीच. बाटली संपत आली की उठायचं, चाळीस-पन्नास फूट चालत जायचं आणि टेबलापाशी ‘सिस्टर, नऊ नंबर’ असं हळू आवाजात म्हणायचं. ट्यूबलाइटी रात्रभर चालू, कारण एकाच बटणावर सगळ्या. एका खाटेजवळ उजेड हवा तर चोवीसजणींच्या डोळ्यांवर उजेड. आजी पदर डोळ्यांवर ओढून पडल्या होत्या.

आवाजाचं म्हणाल तर फाटकाबाहेर ‘शांतता राखा’चा बोर्ड आहे. २००० सालच्या ध्वनी नियमांप्रमाणं रुग्णालयाभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात रात्री ४० डेसिबलची मर्यादा. बाहेर खरंच शांत होतं. आत संडासाच्या दाराला स्प्रिंग होती. दर वेळी ते दार असं आपटायचं की तान्ही बाळं शेजारच्या वॉर्डात रडायला लागायची. स्ट्रेचरची लोखंडी चाकं शहाबादी फरशीच्या सांध्यांवरून खडखडत जायची. स्टीलचे ट्रे ग्रॅनाइटच्या ओट्यावर. मोबाइलमधल्या ॲपवर मी आकडे बघत होते. त्या ॲपला फारसा अर्थ नाही हे ठाऊक आहे, पण दाराच्या प्रत्येक आपटीला काटा ज्या उडीनं जायचा ती उडी खरी होती.

अडीचच्या सुमारास आजी ‘नीरु’ म्हणाल्या. पाणी. मी बाटली पुढं केली तर घोटभर घेऊन बाजूला सारली. सकाळी सुनेनं फोनवर सांगितलं तेव्हा उलगडा झाला. पाणी प्यायलं की बेडपॅन मागावं लागतं, पडदा नाही, समोरच्या खाटेवर माणूस आलेलं असतं. म्हणून आजी आणि त्यांच्यासारख्या निम्म्याअधिक बायका संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. चालत्या-फिरत्या बायकाही नाहीत, कारण संडास व्हरांड्याच्या टोकाला आणि वाटेत दिवा नाही. डॉक्टर राउंडला येऊन ‘पाणी भरपूर प्या’ सांगून जातात.

पहाटे मी आजींच्या शेजारची रिकामी झालेली खाट मागून घेतली आणि तासभर नुसती उताणी पडून राहिले. आर्किटेक्ट नकाशा वरून बघतो, उभ्या माणसाचं चित्र समोरून बघतो. आडवं पडून कधी बघत नाही. पडल्यावर दिसतं ते छत. पंखा, पंख्याच्या पात्यांवरची काजळी आणि ओलीचा एक मोठा डाग. तेरा नंबरच्या काकू म्हणाल्या, ‘मी आले तवा हा डाग शेळीएवढा हुता, आता म्हशीएवढा झालाय.’

यात नवीन शोध काही नाही. फिनलंडमध्ये आल्वार आल्टो नावाच्या आर्किटेक्टनं १९३३ साली पूर्ण झालेल्या पाइमिओच्या क्षयरोग सॅनिटोरियममध्ये हेच धरून काम केलं होतं, की इथला माणूस आडवा आहे. त्यानं खोल्यांची छतं गडद शांत रंगाची केली, दिवा पडलेल्याच्या नजरेत येणार नाही असा लावला आणि वॉशबेसिनचा उतार असा ठेवला की एका रुग्णाच्या हात धुण्यानं दुसऱ्याची झोप मोडू नये. कॉलेजात हे शिकले होते. परीक्षेत लिहिलंही होतं. पहाटे साडेपाचला त्या डागाखाली पडून ते पहिल्यांदा कळलं.

खिडक्यांचं मात्र मला वेगळंच काही कळलं आणि माझ्या मते या सगळ्या कामातलं तेच मोलाचं. रॉजर उलरिच या संशोधकांचा एक अभ्यास आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत, झाडंवाल्यांना वेदनेची कडक औषधंही कमी लागली. १९८४ साली ते छापून आलं. मीही ते वाचून ठरवून आले होते की खिडक्यांच्या सिल, म्हणजे खालच्या कडा, फोडून खाली घ्यायच्या, म्हणजे पडल्या पडल्या बाहेरचं दिसेल. एस्टिमेटमध्ये रक्कमही धरली होती.

खाटेवर पडल्यावर लक्षात आलं की आपली खिडकी आपल्या डोक्यामागं आहे. ती आपल्याला कधीच दिसत नाही. दिसते ती समोरच्या रांगेची. आणि समोरच्या प्रत्येक खिडकीच्या ग्रिलवर लुगडी, साड्या, परकर, टॉवेल वाळत होते. रोज धुणं आहे, वाळत घालायला दुसरी जागा नाही. म्हणजे पूर्वेच्या खिडक्यांबाहेर भलामोठा कडुलिंब, त्याचा शेंडा नेमका पहिल्या मजल्याला आलेला, आणि तो चोवीसातल्या एकीलाही दिसत नाही. माझं झाड समोरच्या बाईच्या लुगड्यामागं. दिवसा वॉर्ड उदास का वाटतो याचंही उत्तर तेच निघालं. सिल फोडायची गरज नव्हती. धुणं वाळत घालायला जागा हवी होती.

सकाळी सिस्टरना म्हटलं, ‘जुनं ड्रॉइंग फाडते.’ त्या म्हणाल्या, ‘फाडू नका, मागच्या बाजूला लिहा.’ आणि खरंच आम्ही दोघींनी त्याच कागदाच्या पाठीवर यादी केली. पेशंट २४ आणि माणसं ४८. नकाशात मी २४च काढली होती.

गडचिरोलीचं उदाहरण तेव्हा मला फार उपयोगी पडलं, निदान ट्रस्टींशी बोलताना. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं तिथल्या गोंड लोकांना विचारलं होतं की तुम्ही दवाखान्यात का येत नाही. लोक म्हणाले, मोठ्या इमारतीची भीती वाटते. डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात आणि आमच्यात पांढरं कापड मेलेल्याला गुंडाळतात. सोबतच्यांना तुम्ही बाहेर काढता. आणि तिथं देव नाही. मग शोधग्राममध्ये, म्हणजे संस्थेच्या आवारात, दवाखाना उभा राहिला तो गोंडांच्या गावासारखा, झोपड्यांचा, नातेवाइकांना बरोबर राहता येईल असा, आणि नाव माँ दंतेश्वरीचं. ट्रस्टी ऐकून म्हणाले, ‘आपण झोपड्या बांधायच्या का?’ मी म्हटलं, नाही, पण आपण विचारायचं.

विचारणं महिनाभर चाललं. मावशींना विचारलं तेव्हा माझ्या निम्म्या कल्पना गळाल्या. कुंड्या नकोत, ‘त्यात लोक थुकत्यात आनि चहा वततात.’ डॉक्टरांनीही कुंड्यांना नाही म्हटलं; ओल्या मातीत बुरशी असते, अशक्त रुग्णांना ती बाधते. पीओपीचं नक्षीकाम नको, धूळ कोण काढणार. भिंत आणि फरशी यांचा कोपरा गोल करा, मळ अडकतो. हिरव्या भिंती डॉक्टरांनी नाकारल्या. रंगीत भिंतीचा उजेड चेहऱ्यावर पडला की कावीळ, पांढुरकेपणा, ओठांचा निळेपणा नीट ओळखू येत नाही. मला हे माहीत नव्हतं. मग खाटांमागच्या भिंती मळकट पांढऱ्या आणि रंग फक्त वाटेच्या दोन्ही टोकांना. कृष्णाकाठचं चित्र आपोआप बाद झालं. त्याचं मला थोडं दुःख झालं, अजून आहे.

पैशाचं पहिलं मोठं पान गेलं गच्चीवर. विटांच्या तुकड्यांचा जुना ब्रिकबॅट कोबा उखडून नवीन वॉटरप्रूफिंग. ट्रस्टींपैकी एकजण म्हणाले, ‘मॅडम, आम्ही प्रसन्नतेला पैसे दिले आणि तुम्ही ते गच्चीत घातले.’ बरोबर होतं त्यांचं. पण म्हैस गेली.

भांडण झालं ते खाटांवरून. सोबतच्या बाईला जागा द्यायची तर दोन खाटांमधलं अंतर वाढवायला हवं, म्हणजे खाटा कमी. सरकारी रुग्णालयांच्या मानकांत दोन खाटांच्या मध्यांमधलं अंतर किमान सव्वादोन मीटर धरतात, सुमारे साडेसात फूट. आमचं होतं साडेसहा. दहा-दहाच्या दोन रांगा केल्या की पावणेआठ होत होतं. चार खाटा कमी म्हणताच हिशेबाची वही उघडली. दोन बैठका नुसत्या त्यावर गेल्या. शेवटी मेट्रननी तोड काढली. लिननच्या जुन्या खोलीत दोन खाटा बसतात, लिनन जिन्याखाली जाऊ शकतं. २४च्या २२ झाल्या. ती दोन खाटांची खोली आता फार आजारी पेशंटसाठी वापरतात आणि सगळ्यात शांत जागा तीच आहे, जी मी डिझाइनच केली नाही.

सोबतीच्या बाकड्यावर मात्र मी तीन महिने घालवले. कल्पना अशी की प्रत्येक खाटेला लागून एक लांब पेटी. दिवसा बसायला, रात्री झोपायला, आत पिशव्या. फॅब्रिकेटर मिरजेचा, हात चांगला. पहिला नमुना प्लायचा केला. सिस्टरनी बघताच हात जोडले: ‘लाकूड म्हणजे ढेकूण. महिन्यात वसाहत होईल.’ दुसरा स्टीलच्या पत्र्याचा. झाकण पडलं की संडासाच्या दाराची आठवण यायची, आणि थंडीत त्यावर झोपवेना. तिसरा पायांवर उचललेला, म्हणजे खालून पोछा जातो. साडेपाच फूट लांब, दीड फूट रुंद, बसायला सोळा इंच उंच. बाजूंना जाळी, म्हणजे आत खाणं विसरलं तर दिसतं. झाकणाच्या कडेला रबर. वर रेक्झिनची पातळ गादी, पुसता येणारी. कुलपाला कडी. बाईनं कुलूप घरून आणायचं.

हा नमुना आम्ही सात नंबरला पंधरा दिवस ठेवला. पहिल्याच दिवशी तिथल्या सुनेनं त्यावर मेथी निवडली. मला वाटलं, चला, जमलं. चौथ्या दिवशी तक्रार आली, ती पेशंटकडून: ‘ती झोपली की मला तिचं तोंड दिसत न्हाई.’ बाकाचं डोकं पेशंटच्या पायाशी येत होतं. आम्ही फक्त उशीची बाजू फिरवली. दोघींची तोंडं एका बाजूला आली. खर्च शून्य.

दिवे तीन तऱ्हेचे झाले. वरचे, खाटेच्या डोक्याशी तपासायचा, आणि भिंतीच्या तळाशी फुटभर उंचीवर पिवळसर बारीक, रात्री वाट दाखवण्यापुरते, थेट संडासापर्यंत. प्रत्येक खाटेला घंटी, सिस्टरच्या टेबलावर नंबराचा दिवा. संडासाच्या दारांना हायड्रॉलिक क्लोजर, म्हणजे दार हळू मिटतं. स्ट्रेचरला रबरी चाकं, ट्रेखाली रबरी चटया. सगळ्या कामात कमीत कमी पैशात झालेली आणि सगळ्यांच्या आधी जाणवलेली सुधारणा ती दारांची. खाटेजवळ मोबाइल चार्जिंगला इलेक्ट्रिशियनचा विरोध होता. लोक पाणी तापवायचा रॉड लावतील म्हणे. लावले असतेच. म्हणून फक्त मोबाइलचीच पिन बसेल असे पॉइंट दिले, आणि गरम पाण्याची सोय व्हरांड्यात वेगळी केली. तिथंच डबे घासायला मोरी. पाट्या मराठी आणि कन्नड.

देवाचा प्रश्न आला तेव्हा मी मनातून घाबरले होते. ट्रस्टींना दाराशी गणपती हवा होता. वॉर्डात मीरासाहेबांच्या दर्ग्याचा अंगारा उशाखाली ठेवणाऱ्या बायका असतात, यल्लम्माचा भंडारा असतो, एक सिस्टर गळ्यात क्रूस घालतात. सगळ्यांचा मिळून एक देव बसवणं माझ्या आवाक्याबाहेरचं. मला आजोळच्या घरातल्या देवळ्या आठवल्या, भिंतीतले ते दिव्याचे कोनाडे. प्रत्येक खाटेच्या लॉकरवर नऊ इंचांची एक देवळी काढली, आत स्टीलची तबकडी, उचलून धुता येणारी. ज्याचा देव त्यानं आणावा, जाताना न्यावा. गणपतीही दाराशी बसला, ट्रस्टी ट्रस्टीच असतात. देवळ्यांत आज काय काय असतं ते पाहण्यासारखं आहे. अंगारा, फोटो, लिंबू, एका खाटेला नातवाचा पहिला दात.

काम चालू वॉर्डात करायचं होतं. अर्धा वॉर्ड प्लॅस्टिकनं बंद, अर्धा सुरू. फोडाफोडी फक्त अकरा ते एक. मला वाटलं होतं पेशंट वैतागतील. उलट त्या प्लॅस्टिकला भोक पाडून मिस्त्रीचं काम बघत बसायच्या. ‘त्यो कोपरा वाकडा झालाय’ ही सूचना मला एका बाईनं दिली आणि कोपरा खरंच वाकडा होता.

पडदे फसले. छताच्या रुळावरून सरकणारे, वर वाऱ्यासाठी जाळी असलेले, सगळं पुस्तकाप्रमाणं. एप्रिल आला आणि आत बसवेना. सिस्टरनाही खाटेवरची बाई दिसत नाही म्हणून त्या दिवसभर पडदे उघडे ठेवतात. आता ते बेडपॅनपुरते आणि तपासणीपुरते ओढतात. रात्रीच्या पाण्याचं मी सिस्टरना विचारलं. म्हणाल्या, आधीपेक्षा पितात. किती ते मोजलेलं नाही.

आणि एक खोली होती. आठ बाय सात, दोन खुर्च्या, एक बाक, एक लहान खिडकी. आधी डॉक्टर वाईट बातमी जिन्याच्या तोंडाशी सांगायचे; लोक डबे घेऊन वर-खाली करताहेत आणि मधे एक बाई भिंतीला टेकून खाली बसतेय, असं मी त्या महिन्यात दोनदा पाहिलं. खोलीला नाव काय द्यावं यावर बराच खल झाला. सिस्टरनी पहिल्या दिवसापासून तिला रडायची खोली म्हटलं आणि तेच रूढ झालं. तीन महिन्यांत तिथं केसपेपरची जुनी कपाटं आली. मी पत्र लिहिलं, फोन केले. ‘तात्पुरतं आहे मॅडम.’ कपाटं अजून तिथंच आहेत. बाक राहिलाय, त्यावर फायली आहेत.

पावसाळ्यानंतर गेले तेव्हा आणखी एक गोष्ट बघायची होती. मागच्या व्हरांड्यावर पत्रा टाकून धुण्याच्या दोऱ्या बांधल्या होत्या, चांगल्या ऐसपैस. पूर्वेच्या खिडक्या मोकळ्या असतील, कडुलिंब दिसत असेल, या भरवशावर मी वर गेले. दहापैकी सहा खिडक्यांवर साड्या होत्या.

‘व्हरांड्यातून दोन साड्या चोरीला गेल्या,’ सिस्टर म्हणाल्या. ‘एक तर नवी होती, इरकल. आता कुणी तिकडं घालत नाही. नजरेसमोर पाहिजे म्हणतात.’

नजरेसमोर हवी, पण नजरेच्या आड येता कामा नये. ग्रिलच्या बाहेरून, सिलच्या खाली आडवी दांडी लावली तर साडी खाली लोंबेल आणि वर झाड मोकळं राहील. हात पोचला पाहिजे एवढंच. सिस्टरनी ग्रिलमधून हात घातला, मी टेप लावली. एक फूट खालपर्यंत त्यांचा हात सहज जात होता.

‘माझा जातोय,’ त्या म्हणाल्या, ‘पण मी उंच आहे.’ मग त्यांनी वॉर्डातल्या सगळ्यात बुटक्या मावशींना हाक मारली. मावशी आल्या, हातातला पोछा ठेवला, टाचा उंचावल्या आणि ग्रिलमधून हात खाली सोडला. नऊ इंच.